दुहेरी निजले, दुहेरीच उठले

मेअखेरीस मुंबईच्या कुर्ल्यात मोकळी माती दिसते ती सांदीकोपऱ्यांत: गच्चीच्या पन्हळीत साचलेली, रुळांलगतच्या सुकल्या गवताच्या बुंध्याशी, मिठी नदीकाठच्या भेगाळलेल्या गाळात. अशा चिमूटभर मातीत कोल्पोडा हा एकपेशीय प्राणी पुटी करून, म्हणजे स्वतःभोवती टणक आवरण रचून निपचित बसलेला असण्याची दाट शक्यता असते, कारण जगभरच्या मातीत तो आढळतो. त्याचे पुटीत जाणे आणि पुटीतून बाहेर येणे ही सूक्ष्मदर्शकाखाली सावकाश, टप्प्याटप्प्याने वाचावी अशी घटना आहे. तिला आरंभ, मध्य आणि शेवट आहे, आणि तिचे मर्म मधल्या निःशब्द भागात आहे.

मुंबईच्या पाण्याचे असे वाचन जुने आहे. हेन्री जॉन कार्टर या लष्करी शल्यवैद्याने १८४०च्या दशकात इथल्या तळ्यांतले स्पंज अभ्यासले आणि १८५६ साली मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर सविस्तर टिपणे छापली. कुर्ला त्या बेटाबाहेर, शेजारच्या साष्टी बेटावर. १८०५ साली पुऱ्या झालेल्या शीव कॉजवेने ते मुंबईला जोडले गेले होते. पण पाण्याचे वेळापत्रक दोन्हीकडे सारखेच. चार महिने रेलचेल, मग महिनोन्‌महिने तळ उघडा. इथल्या डबक्यात ज्याला वंश टिकवायचा, त्याला थांबता आले पाहिजे.

कोल्पोडा काजूगराच्या आकाराचा असतो. अंगावर पक्ष्माभिकांच्या, म्हणजे पोहण्याच्या केसांसारख्या तंतूंच्या रांगा, आत वळलेल्या बाजूला तोंड, खाणे मुख्यतः जिवाणूंचे. पाणी आटले की तो पुटी करतो असे आपण सहज म्हणतो. प्रयोग मात्र वेगळे सांगतात. भरपूर पाण्यात असतानाही अन्न संपले, गर्दी वाढली आणि कॅल्शियम असले, की तो पुटीची तयारी सुरू करतो. आटत्या डबक्यात गर्दी आणि क्षार एकदमच वाढतात, म्हणजे दुष्काळाची वर्दी त्याला दुष्काळाआधीच मिळते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला हा नव्हे.

मग आवराआवर सुरू होते. पोहणे मंदावते, अंग गोल होते, तोंडाची रचना विरते, पक्ष्माभिका नाहीशा होतात. मोठ्या केंद्रकाचा काही भाग वेगळा काढून पेशी तोही पचवून टाकते. त्याच वेळी भिंत उभी राहते, आणि तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. बाहेर चिकट थर, त्याच्या आत टणक बाह्यपुटी, आणि त्याहून आत अंतःपुटीचे एकावर एक थर. बांधकाम बाहेरून आत सरकत जाते आणि बांधणारा दर थरागणिक आकसत जातो. कोल्पोडाची प्रजाही एरवी पातळ भिंतीच्या पुटीतच विभागून जन्मते. त्यामुळे पुटी ही त्याला केवळ संकटातली जागा वाटत नसावी.

मधला भाग फार लांबू शकतो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात दशकानुदशके कोरड्या साठवलेल्या मातीच्या नमुन्यांतून जिवंत आदिजीव मिळाल्याची नोंद गुडी यांनी १९१५ साली केली.

बाहेर पडण्याचा प्रसंग मला सगळ्यांत कसदार वाटतो, कारण त्यात पारख आहे. पाणी म्हणजे काय हे कुर्ल्याला २६ जुलै २००५ या दिवशी कळले. जवळच सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुटीला मात्र अशा आकड्यांचे अप्रूप नाही. नुसत्या शुद्ध पाण्याला तिचा प्रतिसाद थोडाच असतो, वाळक्या गवताच्या काढ्याला भरघोस. त्या काढ्यातले नेमके काय पुटी उघडते, याचा छडा हागेन-स्मिट आणि थीमान यांनी १९३८ साली लावायला घेतला. तर्क सरळ आहे. जिथे कुजते गवत तिथे जिवाणू, आणि जिवाणू तिथे जेवण. खूण पटली की पेशीतली रिक्तिका, म्हणजे द्रवाची पिशवी, पाण्याने फुगते, ताण वाढतो आणि बाह्यपुटी फाटते. प्राणी पातळ आतल्या आवरणासकट बाहेर सरकतो, नव्याने आलेल्या पक्ष्माभिकांनी आतल्या आत गरगर फिरतो आणि शेवटी तेही आवरण सोडून पोहू लागतो. सारे काही तासांत उरकते.

पण आवराआवरीत एवढे मोडले असेल, तर पुन्हा तसेच उभे कसे राहते? इथे कोल्पोडाला सोडून त्याच्या एका लांबच्या भाईबंदाकडे वळावे लागते. ऑक्सिट्रिका फॅलॅक्स पुटीत जाताना पक्ष्माभिकाच नव्हे, तर त्या ज्या बुंध्यांवर उगवतात ते बुंधेही विरघळवतो. या प्राण्यात कधी कधी दोन देह पाठीला पाठ लावून जुळलेले राहतात: तोंडे दोन, पक्ष्माभिकांचे संच दोन. विभागून होणारी त्यांची संततीही दुहेरीच असते. गॅरी ग्राइम्स यांनी १९७३ साली अशा दुहेरी प्राण्यांना पुटीत जाऊ दिले. आत दोनपणाची एकही दृश्य खूण उरली नाही. पुट्या उघडल्या तेव्हा बाहेर आले ते दुहेरीच. आणि हा फरक जनुकांत लिहिलेला नव्हता. एकेरी आणि दुहेरी प्राण्यांची जनुके सारखीच होती.

या घटनेची खरी गोडी मला इथे वाटते. आनुवंशिकता म्हणजे केंद्रकात जपलेला मजकूर, असे शिकत आपण मोठे झालो. ही पुटी सांगते की देहाची मांडणीही स्वतःची आठवण धरते, आणि ती आठवण दिसणाऱ्या अवयवांवर अवलंबून नसते. पाठ्यपुस्तकात पुटीची आकृती म्हणजे जाड रेघेचे वर्तुळ आणि आत थोडे ठिपके. पक्ष्माभिका काढल्या, तोंड खोडले, आता काढण्याजोगे काही उरले नाही, असा त्या आकृतीचा समज दिसतो. ग्राइम्स यांच्या पुट्यांनी तो खोटा ठरवला: ज्या पेशीत चित्र काढण्याजोगे काहीच शिल्लक नव्हते, तिने आपण एक की दोन हे अचूक सांभाळले होते.