स्वतःचं किती, वडिलांचं किती

निवृत्तीनंतर माणसाने ज्ञानेश्वरी हाती घ्यावी, असा संकेत आहे. मी जावास्क्रिप्ट घेतली. पुतण्या म्हणाला, "काका, सोपी आहे. १९९५ साली ब्रेंडन आइकने पहिला नमुना १० दिवसांत उभा केला." तेवढ्या दिवसांत आमच्याकडे गणपती येऊन जातो, भाषा कशी होईल, मला कळेना. आता कळतं.

तिच्यात वस्तूला 'ऑब्जेक्ट' म्हणतात, तिच्या गुणांना 'प्रॉपर्टी'. मी 'मी' नावाचा ऑब्जेक्ट केला. त्याला चष्मा आणि पेन्शन दिली. पाठीशी 'अण्णा' हा पूर्वज, म्हणजे प्रोटोटाइप, उभा केला. त्याला राग दिला. 'मी'कडे राग मागितला, तर लगेच हजर! स्वतःपाशी नसेल ते ही भाषा बापाकडे, आज्याकडे शोधत जाते. शेवटी 'नल' लागतो. आमच्या चाळीतल्या नळासारखाच कोरडा.

इथवर ठीक. पण 'फॉर-इन'ने 'मी'ची यादी काढली, तर चष्मा, पेन्शन आणि अण्णांचा राग एकाच रांगेत! कोणाचं काय, याचा उल्लेख नाही. खातरजमेला 'हॅज-ओन-प्रॉपर्टी' नावाचा कारकून आहे. गंमत अशी, की हा कारकूनही वारशानेच आलेला. 'स्वतःचं काय' हे सांगणारा स्वतःच उसना! कोणी त्याच नावाची प्रॉपर्टी घरात ठेवली, की खरा कारकून बाहेर; आणि पूर्वजच नसलेल्या ऑब्जेक्टकडे तो मुळात फिरकतच नाही. 'ऑब्जेक्ट-हॅज-ओन' हा बाहेरचा पंच अधिकृतपणे नेमला गेला २०२२ साली. २७ वर्षांनी! वाटणीचे दावे काही आपल्याच कोर्टात रेंगाळतात असं नाही.

तरी एका गोष्टीसाठी या भाषेला शंभर चुका माफ. 'मी'मधला राग पुसायला गेलो. भाषा 'हो, झालं' म्हणाली, पण राग जागच्या जागी. जाईल कसा? तो माझा नव्हताच. मग त्याच नावाखाली मी स्वतःचं लिहिलं, 'राग: बेताचा'. अण्णांचा झाकला गेला. माझा पुसला, की खालून अण्णांचा पुन्हा वर!

परवा नातवाने माझ्या चष्म्यावर पाय दिला. मी ओरडलो, तशी स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "अगदी मामंजी!" चाळीस वर्षं बेताने लिहिलेलं एका क्षणात पुसलं गेलं होतं.

नातवाला जवळ घेतलं, आणि पुन्हा लिहायला घेतलं.