'मुक्तिर गान' : गाणारे आणि ऐकणारे

विपत्तीत सापडलेल्या माणसांपुढे जाऊन गावे की न गावे, हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा सोपा नाही. ज्याचे घर जळाले, ज्याची पोरे पटकीने दगावली, त्याला धान्य द्यावे, औषध द्यावे, पांघरूण द्यावे. गाणे कसले देता, असे कोणी फटकारले तर चटकन उत्तर सुचत नाही. आपल्याकडे कलापथकांच्या निमित्ताने हा प्रश्न अनेकदा निघाला; पण 'कला की प्रचार' या नेहमीच्या वादात शिरून तो लवकरच शिळा होतो. त्याचे खरे रूप पाहावयाचे असेल तर तारेक आणि कॅथरिन मसूद या दांपत्याचा 'मुक्तिर गान' हा १९९५ सालचा बंगाली अनुबोधपट पाहावा.

या चित्रपटाची जन्मकथा विलक्षण आहे. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभली आणि पुढल्या काही महिन्यांत सुमारे एक कोट माणसे सीमा ओलांडून भारतात आली. त्यांत ढाक्याचे गायक होते, विद्यार्थी होते, नुकत्याच शाळा-कॉलेजातून उठून आलेल्या मुली होत्या. कलकत्त्यास त्यांनी 'बांगलादेश मुक्तिसंग्रामी शिल्पी संस्था' उभी केली आणि त्यांतली एक तुकडी पेटी-तबला घेऊन, ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून, निर्वासितांच्या आणि मुक्तियोद्ध्यांच्या छावण्यांतून गात हिंडू लागली. लिअर लेव्हिन नावाचा अमेरिकन चित्रपटकार कॅमेरा घेऊन त्यांच्याबरोबर फिरला. सुमारे वीस तासांची फिल्म त्याने घेतली. पण डिसेंबरात युद्ध संपले, जगाचे लक्ष दुसरीकडे गेले, आणि ती रिळे जवळजवळ वीस वर्षे न्यूयॉर्कच्या एका तळघरात पडून राहिली. मसूद दांपत्याने ती शोधून काढली आणि त्यांतून हा चित्रपट रचला.

ही मुले गातात काय? बरीचशी रवींद्रनाथांची, नझरुलची आणि गावाकडची गाणी. हे ऐकून मराठी वाचकाला वाटेल, यात विशेष ते काय? विशेष आहे. पूर्व पाकिस्तानात रवींद्रसंगीत ही निरुपद्रवी वस्तू नव्हती. १९६१ साली रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने सनजीदा खातून, वहिदुल हक प्रभृतींनी 'छायानट' ही संस्था काढली ती सरकारी नाराजी पत्करून. आणि १९६७ मध्ये तर पाकिस्तान सरकारने आकाशवाणीवरून ही गाणी हद्दपार करण्याचे जाहीर केले. ज्या गाण्यासाठी सरकारशी भांडावे लागले, ते गाणे केवळ करमणुकीचे राहत नाही. त्यांतही 'आमार सोनार बांगला' या गीताचे प्राक्तन पाहा. रवींद्रनाथांनी ते लिहिले १९०५ साली, बंगालच्या फाळणीविरुद्ध. पुढे ते ओठी घेतले दुसऱ्या एका फाळणीने पलीकडे राहिलेल्यांनी!

गाण्याची प्रत कशी आहे? संगीताच्या दर्दी माणसाला ती सामान्य वाटण्याचा संभव आहे. सगळे मिळून गातात, पेटी सरळ सुरावर चालते, आलापीला जागा नाही. बिपुल भट्टाचार्यासारख्या कोवळ्या पोराचा उघडा, चढा आवाज सोडला तर एकट्याच्या गळ्याचे कौतुक करावे असे क्षणही थोडेच. परंतु या समूहगानाचा एक गुण असा की त्यात कीव नाही. ही मुले छावणीत दात्याच्या पायरीवर उभी नाहीत. ज्यांच्यापुढे ती गातात त्यांचे घर जेथे राहिले, तेथेच यांचेही राहिले आहे. त्यामुळे सांत्वनाचा तो ओशट सूर, जो अशा कार्यक्रमांना बहुधा चिकटतो, येथे उमटतच नाही.

त्याच वर्षी १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी याच निर्वासितांसाठी मोठा जलसा केला. रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्ये जुळवीत होते तोच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्या जलशाची थोरवी मला कमी लेखावयाची नाही. त्याने पैसा उभा केला आणि एका देशाचे नाव जगाच्या तोंडी घातले. पण तेथे निर्वासित म्हणजे एक दूरचे दुःख होते, जलशाचे निमित्त होते. येथे निर्वासित समोर मांडी घालून बसला आहे, त्याच्या कडेवर पोर आहे, आणि गाणे आवडले नाही तर तो उठूनही जाऊ शकतो. दोन्ही ठिकाणच्या गाण्यावरची जबाबदारी निराळी आहे.

लेव्हिनच्या कॅमेऱ्याचे मोठेपण हे की तो गाणाऱ्यांवरून वारंवार ऐकणाऱ्यांकडे वळतो. हे चेहरे या चित्रपटाचे खरे धन होत. बाहुल्यांच्या खेळात मुस्तफा मनवार याह्याखानाची टर उडवतात तेव्हा छावणीतली पोरे हसतात; ते हसू पाहून सुरुवातीचा प्रश्न क्षणभर निकालात निघाल्यासारखा वाटतो. पण क्षणभरच. कारण दुसऱ्या कित्येक चेहऱ्यांवर काहीच उमटत नाही. ती माणसे नुसती पाहतात. त्यांना गाणे पोचले की नाही, कोण जाणे.

आणि येथेच माझी या चित्रपटाविषयीची मुख्य तक्रार आहे. गाणारे बहुतांशी शहरी, सुशिक्षित, मध्यमवर्गीय. ऐकणारे बहुतांशी खेड्यातले शेतकरी, कोळी, कारागीर, आणि त्यांतले बहुसंख्य हिंदू. हे अंतर गाण्याने खरोखर मिटले असेल, नसेलही. परंतु चित्रपट ते अंतर आहे असेच फारसे मानीत नाही. सगळे एका 'बंगालीपणात' विरघळून गेले, अशी त्याची श्रद्धा आहे. त्या काळी ही श्रद्धा लढ्याची गरज होती, हे मान्य. चोवीस वर्षांनी चित्रपट रचणाऱ्याला तिच्याकडे थोडे दुरून पाहता आले असते.

दुसरी गोष्ट रचनेची. लेव्हिनच्या रिळांत सलग कथा नव्हती. मसूद दांपत्याने ती तारिक अली या तरुणाच्या निवेदनातून निर्माण केली. जाड भिंगांच्या चष्म्याचा हा मुलगा. दृष्टी अधू म्हणून हाती बंदूक आली नाही, मग गाणाऱ्यांत सामील झाला. ही योजना हृद्य आहे. पण कथा पुरी करण्यासाठी इतर संग्रहांतली दृश्ये जोडली गेली, आणि काही प्रसंग तर पुष्कळ वर्षांनंतर नव्याने घडवून त्यांत मिसळले गेले. चित्रपट पाहताना हे सांधे दिसत नाहीत. आणि दिसत नाहीत हाच माझ्या मते दोष आहे. कादंबरीकाराला जे स्वातंत्र्य आपण हसत देतो ते अनुबोधपटाला देताना हात आखडतो, कारण तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. खऱ्या निर्वासिताच्या चेहऱ्याशेजारी उभा केलेला प्रसंग ठेवला की प्रेक्षकाचा संशय त्या खऱ्या चेहऱ्यावरही जातो. एवढी मोलाची रिळे हाती असताना ही जोखीम घ्यावयास नको होती.

मात्र या दोषाची भरपाई ज्या रीतीने झाली तिला तोड नाही. १९९६ पासून तरुण-तरुणींचा एक गट 'मुक्तिर गान' घेऊन बांगलादेशच्या खेड्यापाड्यांत हिंडला. पडदा लावावा, चित्रपट दाखवावा, पुढल्या गावी जावे. खेळ संपला की गावकरी उठून जात ना. ते बोलू लागत. आमच्या गावात काय झाले ते यात नाही, असे सांगू लागत: कोणाला नदीकाठी उभे करून मारले, कोणत्या बाईला छावणीत ओढून नेले, स्वातंत्र्यानंतर तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही ते. शहरातून आलेली ही पोरे दाखवायला गेली आणि ऐकत बसली. त्या बोलण्याचाच मसूद दांपत्याने १९९९ साली 'मुक्तिर कथा' हा दुसरा चित्रपट केला.

पहिल्या चित्रपटात जे नुसते पाहत होते त्यांच्याच वर्गातली ही माणसे. 'मुक्तिर कथा' दिसायला खडबडीत आहे, त्यात लेव्हिनच्या छायाचित्रणाची मोहिनी नाही. बोलणारा अडखळतो, मध्येच गप्प होतो, आणि कॅमेरा त्याच्यासाठी थांबून राहतो. हे दोन्ही चित्रपट एकाच बैठकीत, आणि याच क्रमाने, पाहावेत. आपल्याकडच्या चित्रपटमंडळांनी ते तसे दाखवावेत.