कर्ज वाढतं की थांबतं? सिद्धगडाच्या पायथ्याशी इस्लामी अर्थविचाराची एक परीक्षा



आजचा विषय ऐकायला जरा भारदस्त आहे: प्रादेशिक अस्मिता आणि व्यापार-विकासातली इस्लामी तत्त्वं. तो मी एका पुस्तकाच्या निमित्तानं मांडणार आहे. तैमूर कुरान हे तुर्की वंशाचे अर्थशास्त्रज्ञ. त्यांचं 'इस्लाम अँड मॅमन' हे पुस्तक २००४ साली प्रिन्स्टन विद्यापीठानं काढलं. इस्लामी अर्थशास्त्रावरची सगळ्यात कडक टीका म्हणून ते ओळखलं जातं. या टीकेतलं काय पटतं आणि मुरबाड-शहापुरात उभं राहून पाहिलं तर काय अपुरं वाटतं, एवढंच मला सांगायचं आहे.

कुरान यांचं म्हणणं थोडक्यात असं. 'इस्लामी अर्थशास्त्र' नावाची वेगळी विद्याशाखा जुनी नाही. ती विसाव्या शतकात, स्वातंत्र्यपूर्व हिंदुस्थानात जन्मली आणि गरिबी हटवणं हा तिचा मूळ हेतू नव्हता. मुसलमानांचं वेगळेपण जगण्याच्या प्रत्येक अंगात दाखवायचं, हा होता. या विचारातलं मोठं नाव मौलाना मौदुदींचं. आता बघा, मौदुदींचा जन्म कुठला? १९०३ सालचा, औरंगाबादचा. म्हणजे ज्याला आपण अरबस्तानातून आलेला विचार समजतो, त्याच्या आधुनिक मांडणीचा एक धागा मराठवाड्यात निघतो.

कुरान यांचा दुसरा मुद्दा बँकांचा. इस्लामी बँका व्याज घेत नाहीत असं म्हणतात, पण त्यांचा बराचसा धंदा 'मुराबहा' या व्यवहारावर चालतो. मुराबहा म्हणजे काय, तर समजा तुम्हाला पाच लाखांचा ट्रॅक्टर हवा आहे. बँक तो पाच लाखांना विकत घेते, तुम्हाला सहा लाखांना विकते आणि ते सहा लाख दोन वर्षांच्या हप्त्यांनी घेते. वरचा लाख हा 'नफा', व्याज नव्हे! कुरान विचारतात, फरक काय पडला? नाव बदललं, काळाची किंमत तीच राहिली.

हा आक्षेप खरा आहे. शब्द बदलून नीती बदलत नाही. इस्लामी व्यापारनीतीत 'मुदारबा' म्हणजे खरी भागीदारी आहे: एकाचं भांडवल, दुसऱ्याचे कष्ट, नफा ठरल्या प्रमाणात, आणि भांडवल बुडालं तर ते भांडवलवाल्याचं. कोकणच्या माणसाला हे नवीन नाही. मासेमारीच्या होडीवर वाटे पडतात, शेती अर्धेलीनं करतात. पण बँका या जोखमीपासून दूरच राहिल्या.

इथपर्यंत मी कुरान यांच्याबरोबर आहे. पण त्यांची नजर बँकेच्या हिशेबवहीवर आहे. ऋणकोच्या ओट्यावर बसून पाहिलं की दुसरीच गोष्ट दिसते. मुराबह्यात किंमत एकदा सहा लाख ठरली की ठरली. हप्ता चुकला म्हणून मूळ नियमानुसार ती साडेसहा होत नाही. दंड लावला तरी तो बँकेनं स्वतःच्या नफ्यात घ्यायचा नाही, दानधर्माला द्यायचा. आणि ऋणको खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, ही कुराणाची स्पष्ट शिकवण आहे. म्हणजे कर्ज महाग असेल, पण ते झोपेत वाढत नाही. सावकारी ज्यांनी भोगली, त्यांना या एका वाक्याचं मोल कळेल. गरीब माणूस पहिल्या व्याजानं फारसा मरत नाही. तो मरतो व्याजावर चढलेल्या व्याजानं.

आणि हे फक्त इस्लामचं शहाणपण आहे का? नाही. आपल्या हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. आज 'दामदुप्पट' म्हटलं की फसव्या गुंतवणुकीची जाहिरात आठवते. मूळ शब्द ऋणकोच्या संरक्षणाचा होता, हे आपण विसरलो.

आता इथे अस्मितेचा प्रश्न येतो, आणि तोही कोर्टात. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी दामदुपट हा हिंदूंचा वैयक्तिक कायदा मानला. त्यामुळे ऋणको हिंदू असेल तर त्याला संरक्षण, मग सावकार मुसलमान असला तरी चालेल. पण ऋणको मुसलमान आणि सावकार हिंदू असेल, तर संरक्षण नाही! ज्याचा धर्म व्याजच निषिद्ध मानतो, त्याच्याच डोक्यावर व्याज मुद्दलाच्या पलीकडे चढू शकत होतं. तत्त्वाला अस्मितेच्या कप्प्यात बंद केलं की काय होतं, त्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. पुढे १९४६च्या मुंबई सावकारी कायद्यानं ही मर्यादा धर्म न पाहता सर्वांना लावली. एका परंपरेचा नियम सगळ्यांचा झाला, आणि तेव्हाच तो न्याय्य झाला.

आता आपल्या भागात येऊ. सिद्धगडाच्या परिसरात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी राहतात. इथल्या जुन्या माणसांना 'पालेमोड' शब्द माहीत आहे. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं. व्यापारी धान्य किंवा पैसे देतो आणि त्या बदल्यात उभं गवत, उभं भात आत्ताच लिहून घेतो, अर्थात पडत्या भावानं. दिवाळीला पीक आलं की ते व्यापाऱ्याचं. वरवर पाहता यात व्याज कुठेच नाही! आहे ती आगाऊ खरेदी. हा व्यापारी कुठल्या एका धर्माचा किंवा जातीचा नव्हता, हेही सांगून ठेवतो.

इस्लामी न्यायशास्त्र याला काय म्हणेल? आगाऊ खरेदीला तिथे 'सलम' म्हणतात आणि ती मान्य आहे. पण अटी आहेत: पूर्ण किंमत करारावेळीच द्यायची; वजन, प्रत, तारीख ठरवायची; आणि बहुतेक शास्त्रींच्या मते अमुकच शेतातलं पीक असं बांधून घ्यायचं नाही. तयार न झालेलं उभं पीक विकायला मनाई आहे. माल देता आला नाही तर खरेदीदारानं थांबावं किंवा दिली तेवढीच रक्कम परत घ्यावी, वर काही नाही. या कसोटीवर पालेमोड सरळ नापास होते. मुराबह्याच्या चर्चेत रमलेल्या पुस्तकांनी हे उदाहरण घेतलं असतं, तर तत्त्वाचा खरा कस लागला असता.

पण इथेच इस्लामी अर्थविचाराची उणीवही सांगायला हवी. सलमच्या अटी पाळूनही व्यापारी भाव पाडू शकतो. कारण समोरच्याच्या घरात चूल थंड आहे आणि दुसरा कुणी देणारा नाही. करार शुद्ध, पण सौदा अन्यायाचा. ही अडचण नुसत्या नियमानं सुटत नाही, तिला संस्था लागते.

ती संस्था इथल्या माणसानं दाखवली आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात हुतात्मा झालेले भाई कोतवाल आपल्याला आझाद दस्त्यामुळे, पाडलेल्या विजेच्या मनोऱ्यांमुळे आठवतात. हिराजी पाटीलही त्यांच्याबरोबर धारातीर्थी पडले. पण त्याआधी माथेरानच्या या तरुण वकिलानं दुष्काळात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या. श्रावणात कोठी भरलेली असेल, तर पालेमोड करायला कोण जाईल? पुढे १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ आलं, खावटी कर्ज आलं, १९७६ साली आदिवासींच्या आर्थिक स्थितीसाठी वेगळा कायदाही झाला. ते कितपत पोहोचलं, हे तुम्ही मला सांगा. पण दिशा बरोबर होती.

आता कोकणी मुसलमानांकडे वळतो. कल्याण, भिवंडी, पडघा, शहापूर या पट्ट्यातला हा समाज उपरा नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्-मसूदी चौलला आला, तेव्हा तिथे मुसलमानांची मोठी वस्ती होती. हे लोक शाफई पंथाचे, दख्खनच्या हनफींहून वेगळे. बोली कोकणी वळणाची, जेवण तांदळाच्या भाकरीचं. त्यांच्यातल्या पुढाऱ्यांनी मुंबईत कोकण मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक काढली, ती इतर सहकारी बँकांसारखीच रिझर्व्ह बँकेच्या नियमांत चालते. म्हणजे या समाजानं 'इस्लामी' पाटीची वाट पाहिली नाही. रघुराम राजन समितीनं २००८ साली बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, आणि २०१७ साली रिझर्व्ह बँकेनं तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. त्यावर दोन्ही बाजूंनी भावना तापल्या. माझ्या मते दोन्ही बाजू पाटीवरच भांडल्या.

जमातीत बिनव्याजी उसनं, 'कर्ज-ए-हसना', देण्याची चांगली रीत आहे. पण ते जमातीपुरतंच राहिलं तर तो आपसातला विमा झाला. तत्त्व तेव्हा सिद्ध होईल, जेव्हा पडघ्याचा व्यापारी ते डोळखांबच्या कातकऱ्याशी पाळेल. मारवाडी, आगरी, कुणबी, ब्राह्मण सावकारालाही हीच कसोटी.

आज पालेमोडीनं रूप बदललं आहे. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला आणि जमिनीला भाव आला. थोडा विसार देऊन जमीन अडकवायची, किंमत संदिग्ध ठेवायची, असे सौदे होतात. इस्लामी शास्त्र अशा संदिग्धतेला 'घरर' म्हणतं आणि तिला मनाई करतं. हा शब्द माहीत नसलेल्या माणसालाही हा अन्याय कळतो.

म्हणून कुरान यांना माझं उत्तर असं: इस्लामी अर्थशास्त्र अस्मितेतून जन्मलं असेल, पण एखाद्या विचाराच्या जन्मकथेवरून त्याचं मोल ठरत नाही. आणि इस्लामी बँकवाल्यांना असं: तुमचा करार शरियतीत बसतो का, हे नंतर पाहू. आधी सांगा, समोरचा अडला की त्याचं कर्ज वाढतं की थांबतं? ज्या दिवशी हा प्रश्न आपण धर्म न विचारता प्रत्येक बँकेला, पतपेढीला, बचतगटाला हप्ते लावणाऱ्या प्रत्येक कंपनीला विचारू, त्या दिवशी सिद्धगडाच्या पायथ्याशी दरवर्षी वाहिलेल्या फुलांना थोडा अर्थ येईल.