कॅमची झीज, कॅमचे प्रोफाइल आणि आपली मापे : हौशी मोटार-शर्यतींच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

सूक्ष्म मापन नाशिकला नवे नाही. सातपूरच्या कारखानदारीत इंधन-इंजेक्टरच्या नॉझलची मापे मायक्रॉनमध्ये घेतली जातात आणि जिल्ह्यातील इगतपुरीला मोटारींची इंजिने तयार होतात. भारतीय राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेतील 'रॅली ऑफ महाराष्ट्र' याच परिसरात भरलेली आहे, आणि जिप्सी, एस्टीम यांसारख्या वाहनांवर हौशी स्पर्धकांनी स्वखर्चाने केलेली इंजिनाची कामे येथील गॅरेजांना परिचित आहेत. मात्र या इंजिनांतील कॅमशाफ्टची परीक्षा प्रायः दोन टोकांना होताना दिसते. गॅरेजमध्ये लोबवरून नख फिरवून आणि व्हर्निअरने एक उंची घेऊन शाफ्ट 'चांगला' ठरविला जातो. महाविद्यालयीन प्रकल्प-अहवालांत मात्र साध्या डायल गेजच्या वाचनांवरून व्हॉल्व्हच्या त्वरणाचे आलेख काढले जातात.

वरकरणी या दोन पद्धती परस्परविरुद्ध भासतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, दोहोंचा दोष एकच आहे : मापाने जे सांगितलेले नाही, ते त्याच्या तोंडी घातले जाते.

१. एका उंचीची मर्यादा

लोबची एकूण उंची वजा बेस सर्कलचा व्यास म्हणजे लिफ्ट, हे समीकरण बरोबर आहे. परंतु गॅरेजमध्ये बेस सर्कलचा व्यास म्हणून लोबची आडवी रुंदी घेतली जाते. साध्या कॅममध्ये त्या जागी बेस सर्कलच असते, त्यामुळे हे चालून जाते. शर्यतीसाठी व्हॉल्व्ह अधिक काळ उघडा ठेवणाऱ्या कॅममध्ये चढाचा आरंभ आडव्या रेषेपर्यंत येऊ शकतो. मग रुंदी वाढलेली दिसते आणि लिफ्ट प्रत्यक्षाहून कमी भरते. म्हणजेच ज्या कॅमविषयी शंका घ्यावी, नेमक्या त्याच कॅमबाबत हे माप फसवे ठरते.

टॅपेट सेटिंगचा आधारही येथे उपयोगी पडत नाही. टॅपेटची फट बेस सर्कलवर मोजली जाते, तर झीज प्रामुख्याने नाकावर होते. कमी वेगात व्हॉल्व्ह-स्प्रिंगचा जवळजवळ पूर्ण दाब नाकावरच येतो, आणि शर्यतीसाठी कडक स्प्रिंग बसविली की तो आणखी वाढतो. नाक ०.२ मि.मी. झिजले तरी कॅमच्या बाजूची फट जशीच्या तशी राहते. फट योग्य असणे हा कॅम शाबूत असल्याचा पुरावा नव्हे.

२. पार्श्वावरील मापे

प्रोफाइल म्हणजे प्रत्येक अंशाला किती लिफ्ट, याची सारणी. एक सोपे उदाहरण घेऊ. ६० अंशांत ६ मि.मी. लिफ्ट देणारा कॅम पहिले ३० अंश समान त्वरणाने आणि पुढील ३० अंश समान मंदनाने चढतो असे मानू. पार्श्वाच्या मध्यावर त्याचा चढ अंशाला ०.२ मि.मी. येतो. तेथे अंश-चकती वाचताना अर्ध्या अंशाची चूक झाली तर लिफ्टमध्ये ०.१ मि.मी. चूक होते. नाकावर तीच अर्ध्या अंशाची चूक ०.००१ मि.मी. हूनही कमी फरक घडविते. सर्वांत बिनधोक माप हेच सर्वांत अबोल माप असते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

दुसरा प्रश्न स्पर्शाग्राचा. डायल गेजचे टोक गोलाकार असते. इंजिनात मात्र सपाट टॅपेट, वक्र पॅडचा रॉकर किंवा रोलर असतो. बेस सर्कल आणि नाक येथे या सर्वांची वाचने जुळतात, पार्श्वावर जुळत नाहीत. म्हणून कोणते टोक वापरले याची नोंद नसलेली सारणी दुसऱ्या कोणत्याही सारणीशी ताडून पाहता येत नाही.

३. आलेखाचा मोह

प्रकल्प-अहवालांतील त्वरण-आलेखांची तपासणी याच उदाहरणाने करता येते. या कॅमचे त्वरण सुमारे ०.००६७ मि.मी. प्रति वर्ग अंश येते. ०.०१ मि.मी. लघुतम मापाच्या डायलवर प्रत्येक वाचनात ०.००५ मि.मी. पर्यंत चूक संभवते. एकेका अंशाच्या अंतराने घेतलेल्या तीन वाचनांवरून त्वरण काढताना मधले वाचन दोनदा धरले जाते, त्यामुळे एकूण चूक ०.०२ मि.मी. पर्यंत जाऊ शकते. म्हणजे चूक मूळ राशीच्या तिप्पट! संगणकावर असा आलेख गुळगुळीत करून घेता येतो. परंतु तो गुळगुळीतपणा कॅमचा नसून संगणकाचा असतो. वाचने पाच-पाच अंशांवर घेतली तर ही चूक पंचविसाव्या हिश्श्यावर येते, मात्र तेवढ्या अंतरातील बारकावे हरवतात. ही तडजोड अहवालात नमूद होणे आवश्यक आहे.

४. झीज की फेरफार?

हा वाद केवळ प्रयोगशाळेतला नाही. मूळ भागच वापरण्याचे बंधन असलेल्या गटात कॅमची तपासणी स्पर्धकाची पात्रता ठरविते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या होमोलोगेशन फॉर्ममध्ये कॅमची लिफ्ट कोनानुसार दिलेली असते ती याच कारणाने. झिजलेल्या कॅमची लिफ्ट घटते, पण बेस सर्कल जवळजवळ मूळ व्यासाचे राहते. लिफ्ट वाढविण्यासाठी रिग्राइंडिंग केलेल्या कॅममध्ये बेस सर्कल लहान केलेले असते. जिप्सीच्या १२९८ घन सें.मी. इंजिनातील रॉकरच्या स्क्रूने ती घट सहज भरून काढता येते. अशा पुन्हा घासलेल्या कॅमचे नाक पुढे झिजले, तर त्याची लिफ्ट योगायोगाने मूळ आकड्याला येऊन टेकू शकते. केवळ लिफ्ट पाहणारा तपासनीस त्याला निर्दोष ठरवील आणि प्रामाणिकपणे झिजलेल्या कॅमवर मात्र बोट ठेवील.

रिग्राइंडिंगचा प्रश्न धातूच्या अंगानेही पाहावा लागतो. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्समुळे चिल्ड कास्ट आयर्नचे कॅमशाफ्ट महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांत ओतकामाच्या वेळी लोबचा पृष्ठभाग जलद थंड करून कठीण केलेला असतो. घासताना हा कठीण थर पातळ होतो. त्यामुळे 'आज माप बरोबर आहे' या विधानातून उद्याची हमी मिळत नाही.

५. संभाव्य आक्षेप

हौशी स्पर्धकाला कॅम-मापन यंत्र परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि उणीव यंत्राची कमी आणि शिस्तीची अधिक आहे. बेंच सेंटर, अंश-चकती आणि ०.००१ मि.मी. वाचणारा डायल एवढी सामग्री महाविद्यालयाच्या मापन-प्रयोगशाळेच्या आवाक्यातील आहे. प्रथम बेस सर्कलवरील डायलचे चलन नोंदवावे, ते ०.०३ मि.मी. असेल तर ०.०२ मि.मी. झिजेचा दावा करू नये. नाकाचा मध्य थेट न शोधता दोन्ही बाजूंच्या समान लिफ्टच्या कोनांवरून काढावा आणि तो तीन-चार पातळ्यांवर पडताळावा. मध्य सरकत गेल्यास कॅम असममित आहे किंवा एकांगी झिजला आहे, असे समजावे. शाफ्ट गार होऊ द्यावा, कारण ४० मि.मी. उंचीचा लोब ३० अंश सेल्सिअसने अधिक गरम असल्यास सुमारे ०.०१३ मि.मी. वाढलेला असतो. मूळ आकडे उपलब्ध नसतील तर त्याच शाफ्टवरील इनटेकचे सर्व लोब एकमेकांशी ताडावेत; झीज क्वचितच सर्वांवर सारखी असते.

निष्कर्ष

कॅमशाफ्टचे मूल्यमापन करताना लिफ्ट, बेस सर्कलचा व्यास आणि कोनानुसार सारणी ही तीन मापे एकत्र घेतली, तरच झीज आणि फेरफार वेगळे करता येतात. प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितता लिहिणे हा केवळ औपचारिक उपचार मानता येत नाही. स्पर्धकाला न्याय मिळण्याची ती पहिली अट आहे. शिक्षक म्हणून आपल्यापुरते बोलायचे तर, ज्या विद्यार्थ्याने 'या डायलने त्वरण काढता येत नाही' एवढेच प्रामाणिकपणे लिहिले, त्याला सुबक आलेख जोडणाऱ्यापेक्षा अधिक गुण द्यावयास हवेत.