शांतीचा हिशेब : कुमारप्पांची दोन पुस्तके

१९४९ सालच्या डिसेंबरअखेर वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये जागतिक शांतिवाद्यांची परिषद भरली होती. तिचा आरंभ शांतिनिकेतनात झाला आणि समारोप सेवाग्रामात. गांधीजींच्या हयातीतच तिची कल्पना निघाली होती. प्रत्यक्षात ती भरली तेव्हा ते नव्हते. दुसरे महायुद्ध संपून अवघी चार वर्षे लोटली होती. तीसहून अधिक देशांतून माणसे आली. त्यांत क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते, पहिल्या महायुद्धात वाग्दत्त वर आणि सख्खा भाऊ गमावलेल्या इंग्रज लेखिका व्हेरा ब्रिटन होत्या. आमचे बोरी अरब यवतमाळ जिल्ह्यातले आणि सेवाग्राम शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले. परंतु आमच्या ख्रिस्ती मराठी लेखनात या परिषदेचा उल्लेख आम्हाला क्वचितच आढळला. शांतीवर आपण पुष्कळ लिहितो. ते बहुधा प्रार्थनेच्या किंवा शोकाच्या सुरात असते. ज्या गावाने कधी रणगाडा पाहिला नाही, त्या गावाचा युद्धाशी काय संबंध, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही.

तो प्रश्न ज्यांनी रोखठोक विचारला, त्या जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांच्या दोन पुस्तकांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. कुमारप्पा जन्माने तमिळ, धर्माने प्रॉटेस्टंट ख्रिस्ती आणि व्यवसायाने हिशेब तपासनीस. लंडनमध्ये आणि अमेरिकेत शिकलेल्या या माणसाने १९२९ साली गांधीजींची भेट घेतली आणि पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत राहून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम अंगावर घेतले. युद्धकाळात सरकार नोटा छापून हिंदुस्थानचे धान्य आणि माल कसा ओढून नेते, हे त्यांनी एका लेखात मांडले. लेखाचे नाव होते ‘भाकरीऐवजी दगड’. हे शब्द कोठून आले, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांना सांगावयास नको. त्या लेखाबद्दल त्यांना शिक्षा झाली. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘येशूचे आचरण आणि उपदेश’ व ‘शाश्वत अर्थव्यवस्था’ अशा आशयाची दोन इंग्रजी पुस्तके लिहिली. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना लाभली.

ही पुस्तके बहुधा वेगवेगळी वाचली जातात. धार्मिक वाचक पहिले घेतो, ग्रामोद्योगवाला दुसरे. आमच्या मते ही वाटणीच चुकीची आहे. पहिल्या पुस्तकातील येशू हा केवळ पूजेचा विषय नाही. तो जगण्याची रीत शिकवणारा गुरू आहे आणि त्याच्या मागून जाणे म्हणजे आपल्या नित्य व्यवहाराची रीत बदलणे. दुसऱ्या पुस्तकात तो व्यवहार तपासला आहे. निसर्गात कुमारप्पांना अर्थव्यवहाराचे पाच प्रकार दिसतात : परोपजीवी, लुटारू, उद्यमी, सामूहिक आणि सेवेचा. पिलांना चारा भरविणारी पक्षीण ही सेवेच्या अर्थव्यवहाराची खूण. मनुष्य कोणत्या पायरीवर उभा राहतो, यावर युद्ध की शांती हे ठरते. दूरच्या देशांतून कच्चा माल ओढावयाचा आणि पक्का माल दूरच्या बाजारात खपवावयाचा, अशी ज्याची गरज आहे, त्याला त्या वाटा राखण्यासाठी आरमार आणि सैन्य बाळगावेच लागते. म्हणून वस्तू विकत घेणारा माणूस ती कशी निर्माण झाली या जबाबदारीतून सुटत नाही. कुमारप्पांची शैली कोरडी आहे. अलंकार नाहीत, अश्रू नाहीत. जमाखर्चाच्या वहीसारखी वाक्ये आहेत. विषयाला तीच भाषा शोभते असे आम्हाला वाटते.

हे विवेचन आमच्या भागाला किती लागू पडते, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. भाव भराभर चढले. १८६५ साली युद्ध थांबले आणि भाव कोसळले. परंतु कापसाखाली गेलेली जमीन त्या दूरच्या बाजाराशी बांधलेलीच राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर–यवतमाळ हा दारव्ह्यावरून जाणारा अरुंद लोहमार्ग टाकला, तोही प्रामुख्याने याच कापसासाठी. आमची ‘शकुंतला’ आता बंद पडली आहे. मात्र ज्या युद्धात वऱ्हाडातला एकही माणूस लढला नाही, त्या युद्धाने येथील शेताचे पीक ठरविले, ही गोष्ट पुसली जात नाही. तोफा थंडावल्या म्हणजे युद्ध संपले, असे मानणाऱ्याने हा इतिहास वाचावा.

एवढे श्रेय दिल्यावर कुमारप्पांच्या उणिवांकडेही पाहिले पाहिजे. ख्रिस्तसभेविषयी ते कठोर आहेत. १९३० साली सत्याग्रहाच्या प्रश्नावर अँग्लिकन पंथाचे महागुरू वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा जो वाद झाला, त्याचा कडवटपणा पुढील लेखनातही उतरला आहे. साम्राज्याच्या आणि युद्धाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या चर्चला त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आरोप खोटा नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी फ्रांझ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन कॅथलिक शेतकऱ्याचा हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिल्याबद्दल शिरच्छेद झाला. तत्पूर्वी त्याच्या बिशपांनीही त्याला माघार घेण्याचाच सल्ला दिला होता, हे आपण लपवू नये. परंतु ज्या श्रद्धेने त्या शेतकऱ्याला बळ दिले, ती त्याच ख्रिस्तसभेच्या वेदीपाशी, नित्याच्या मिस्साबलिदानात वाढली होती. २००७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केले. संस्था चुकली तरी तिच्या कुशीत साक्षीदार जन्मतात. कुमारप्पांच्या पुस्तकात या गोष्टीला जागा नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. त्यांच्या हिशेबात लुटणारा आहे, लुटला गेलेला आहे. क्षमा मात्र फारशी नाही. युद्धानंतर पहिला प्रश्न शत्रूचा असतो. १९४५ साली फ्रान्समध्ये ‘पॅक्स क्रिस्ती’ ही चळवळ सुरू झाली, ती जर्मनांशी समेट व्हावा या प्रार्थनेतून. मार्थ दोर्तेल-क्लोदो या शिक्षिकेबरोबर तिच्या उभारणीत मोंतोबाँचे बिशप तेआस होते, आणि ते स्वतः जर्मनांच्या कैदेत राहिलेले होते. ज्याने छळ सोसला त्याने छळणाऱ्यासाठी प्रार्थना मागावी, हे कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही. ते केवळ क्रुसापाशी शिकता येते.

मग दोहोंपैकी कोणते खरे, हिशेब की क्षमा? आमच्या मते कॅथलिक वाचकाला हा पेच पडू नये. आपल्या प्रायश्चित्त संस्कारात दोन्ही एकत्र आहेत. पश्चात्ताप झाला, पापनिवेदन झाले, पापक्षमा मिळाली, तरी चोरलेली वस्तू परत करण्याचे ओझे उतरत नाही. जक्कयाच्या घरी तारण आले त्या दिवशी त्याने चौपट परत करण्याची भाषा केली होती. परतफेडीवाचून मागितलेली क्षमा स्वस्त ठरते आणि क्षमेवाचून केलेला हिशेब सूडाकडे वळतो. कुमारप्पांची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर शांतिकाळातील विवेकपरीक्षणासाठी त्यांच्यासारखे साधन क्वचित मिळेल. क्षमेचे पान मात्र आपण आपल्या परंपरेतून जोडावयाचे आहे.

ते पान जोडण्याचा प्रयत्न आपल्याच प्रांतात झाला आहे. ४ डिसेंबर १९६४ रोजी, पवित्र मिस्साविषयक जागतिक परिषदेसाठी मुंबईत आलेल्या पोप सहावे पॉल यांनी शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग गरीब राष्ट्रांसाठी एका जागतिक निधीत घालावा, असे आवाहन केले. १९६७ सालच्या आपल्या विश्वपत्रात त्यांनी त्याची पुन्हा आठवण दिली. शस्त्रांचा पैसा भाकरीकडे वळविण्याची ही भाषा मगनवाडीच्या हिशेबनीसाला परकी वाटली नसती. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीदिनी, ते निवर्तले. हे आवाहन ऐकण्यास ते राहिले नाहीत.

दरवर्षी १ जानेवारीला आपण जागतिक शांतिदिन पाळतो आणि शांतीसाठी प्रार्थना करतो. ती जरूर करावी. त्याबरोबर आपल्या वाचनमंडळांनी ही दोन छोटी पुस्तके हाती घ्यावीत आणि प्रत्येक कुटुंबाने एकदा विचारावे : आपल्या अंगावरचे कापड, ताटातले अन्न आणि गाठीचा पैसा यांत कोणाचे देणे राहून गेले आहे? बोरी अरबच्या बाजारात कापूस विकून रिकाम्या हाताने परतणारा शेतकरी शांतीच्या प्रार्थनेत आपल्या शेजारी उभा असेल, तर या प्रश्नाचे उत्तर आपल्याला टाळता येणार नाही.