शाप, उःशाप आणि आदिपाप : ‘ख्रिस्तपुराणा’तील दुःखाचा उगम

मानवी जीवनात दुःख आले कोठून, या प्रश्नाला मराठी भाषेजवळ तयार उत्तर आहे. ‘भोग’, ‘प्रारब्ध’, ‘संचित’ हे शब्द आपण वापरतो तेव्हा कर्मसिद्धांत मनात असतोच असे नाही. पण भाषेने तो विचार आपल्या आधी करून ठेवलेला असतो. या शब्दकुळात दुःखाला कारण आहे, आरंभ नाही. कर्म अनादी, म्हणून भोगही अनादी. ख्रिस्ती धर्मविचाराचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ईश्वराने निर्माण केलेली सृष्टी चांगली होती. पहिल्या स्त्रीपुरुषांनी आज्ञाभंग केला आणि त्या एका घटनेतून क्लेश व मरण माणसाच्या वाट्याला आले. म्हणजे दुःख हे सृष्टीचे मूळ अंग नव्हे, ते मागाहून आलेले आहे. हा विचार मराठी ओवीत विस्ताराने उतरला तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त, १६१६ साली. कर्माच्या भाषेत आदिपाप कसे सांगितले गेले आणि सांगताना त्याचे काय झाले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशरचा जेझुइट. तो १५७९ मध्ये गोव्यास आला, आयुष्याचा मोठा भाग त्याने साष्टीत घालवला आणि १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. त्याच्या पुराणाचे दोन भाग आहेत. ‘पैले पुराण’ ३६ अवस्वरांचे आणि ४१८१ ओव्यांचे, तर ‘दुसरे पुराण’ ५९ अवस्वरांचे आणि ६७८१ ओव्यांचे. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, पतन आणि तारणाऱ्याची दीर्घ प्रतीक्षा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ग्रंथ छापला गेला रोमन लिपीत. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा तो सामान्य मराठी वाचकाच्या हाती आला. मिल्टनचे ‘पॅरडाइझ लॉस्ट’ १६६७ चे, म्हणजे या पुराणानंतर ५१ वर्षांनी प्रसिद्ध झालेले. आपल्याकडे मिल्टन एम. ए.च्या इंग्रजीच्या वर्गात शिकवला जातो आणि स्टीफन्स वाङ्मयेतिहासाच्या एका परिच्छेदात संपतो, ही गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते.

त्या परिच्छेदातला निवाडाही ठरलेला असतो : आशय ख्रिस्ती, रूप मराठी. रूप हे आशयाचे भांडे मानले तर हा निवाडा पटण्यासारखा आहे. परंतु पुराण हा काही केवळ ओवीबद्ध कथनाचा साचा नव्हे. त्याची स्वतःची एक कार्यकारणव्यवस्था आहे, आणि तीत दुःखाचा उलगडा कर्माने जेवढा होतो त्याहून अधिक शापाने होतो. अहल्या शिळा का झाली? वैकुंठाचे द्वारपाल जय-विजय असुरयोनीत का आले? यादवांचे कुळ प्रभासक्षेत्री आपापसांत लढून का संपले? प्रत्येक ठिकाणी एक मर्यादाभंग आहे, एक शापवाणी आहे आणि तिच्यापासून सुरू होणारा भोग आहे. शापाला आरंभ असतो. कर्मविचारात न बसणारी ‘प्रथम घटना’ पुराणात सहज बसते. एदेन बागेतील आज्ञाभंगाची कथा पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्याने ऐकली, तेव्हा त्याच्या मनात ती कर्माच्या कोटीत न पडता शापाच्या कोटीत पडली असणार. परकी गोष्ट परकी न वाटण्याचे कारण ओवीची लय हे नव्हे, ही कोटी होय.

शाप म्हटला की उःशाप आला. पुराणश्रोता शापवाणी ऐकताच पुढच्या वाक्याची वाट पाहतो : यातून सुटका केव्हा, कोणाच्या हातून? अहल्येला रामाच्या पायधुळीची अवधी मिळते, जय-विजयांना तीन जन्मांची. ‘उत्पत्ती’च्या तिसऱ्या अध्यायातही सर्पाला उद्देशून केलेल्या शापातच स्त्रीच्या संतानाकडून त्याचे डोके ठेचले जाण्याची सूचना आहे, आणि ख्रिस्ती परंपरेने तिलाच तारणाचे पहिले वचन मानले. अशा दृष्टीने पाहिले तर ‘पैले पुराण’ हा शाप आणि ‘दुसरे पुराण’ हा उःशाप ठरतो. दोन भागांचे नाते जुना करार आणि नवा करार एवढ्यावर भागत नाही; मराठी श्रोत्याला ते आधीच ठाऊक असलेल्या एका कथाबंधाचे नाते आहे. फरक पडतो तो पुढे. पुराणात शाप देणारा ऋषी उःशाप देऊन मोकळा होतो. येथे शाप उच्चारणारा स्वतःच देह धरून तो भोगायला येतो. मूळ कथेत शाप सर्पाला आणि भूमीला आहे, भूमीने काटे उगवावेत असा. आणि दुसऱ्या पुराणाच्या नायकाच्या मस्तकी मुकुट येतो तो काट्यांचाच.

वारशाचा प्रश्न मात्र इतक्या सहजी सुटत नाही. मालवणच्या वर्गात हा भाग शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, “ह्यां म्हणजे घराण्याचो दोषच मा, सर?” तिचा प्रश्न भाबडा नव्हता. सिंधुदुर्गात देवळापुढे गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा वाडवडिलांच्या हातून कळत-नकळत घडलेल्या चुकीची क्षमा हयात असलेले मागतात, आणि जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणून त्या चुकीचे वाटेकरी होतात. एकाने केले आणि सगळ्यांनी भोगले, ही कल्पना या किनाऱ्याला शिकवावी लागत नाही. पण गाऱ्हाण्यातला दोष फेडता येतो. मान दिला, राहिलेले पुरे केले की तो सरतो. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने पेलॅगियसशी वाद घालत घडवलेले आणि १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पक्के केलेले आदिपाप माणसाला स्वतःच्या बळावर फेडता येत नाही. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेने वारसा मानला तो प्रामुख्याने मर्त्यतेचा; पाश्चात्त्य परंपरेने दोषाचाही मानला. स्टीफन्स ट्रेंटनंतरच्या पिढीतला. आणि तरी योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांधाविषयी विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा येशू दोन्ही उत्तरे नाकारतो. पहिले उत्तर आपल्या कर्मवाद्याला मानवले असते, दुसरे गाऱ्हाणे घालणाऱ्याला. ईयोबाचे मित्रही दुःखावरून पाप ताडतात आणि शेवटी ईश्वराचा राग ओढवून घेतात. दुःख जगात का आले याचे उत्तर ख्रिस्ती धर्मविचार देतो. ते अमुक माणसावर का आले, याचे द्यायला त्याचाच मूळ ग्रंथ तयार नाही. या दोन प्रश्नांची गल्लत आपल्या समीक्षेत वारंवार होते.

भाषांतराची किंमत कोणाला मोजावी लागते, हे एका शब्दावरून पाहता येते. कोकणी ख्रिस्ती धर्मभाषेत ‘देवचार’ म्हणजे सैतान, दुःखाचा आद्य प्रवर्तक. वेंगुर्ले-सावंतवाडीकडे देवचार हा गावाचा राखणदार : रात्री वाट चुकलेल्याला घरी आणून सोडणारा, मान चुकला तर रुसणारा. जो संकटात राखतो तोच संकटाचे मूळ ठरला. सिद्धांताला सैतान हवा होता, आणि तो जागा गावच्या राखणदाराची घेऊनच उभा राहिला.

येथे इतिहास बाजूला ठेवता येत नाही. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. त्याच दशकात केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास हलवावा लागला. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, त्यांचे मृतदेह मिळवण्यासाठी गेलेला स्टीफन्सच. पुराणाचे पहिले श्रोते म्हणजे या सगळ्यातून गेलेल्यांची मुले-नातवंडे. त्यांच्यापुढे सर्व दुःखांचा उगम एका प्राचीन बागेत नेऊन ठेवला, की कालपरवाच्या दुःखाला कर्ता उरत नाही. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि पहिल्या पुराणापुरता तो खराही आहे. दुसऱ्या पुराणाबद्दल मी तेवढा ठाम नाही. परकीय सत्तेच्या न्यायासनापुढे उभा केलेला, फटके खाणारा निरपराध माणूस साष्टीतल्या श्रोत्याने ओवीतून ऐकला, तेव्हा त्याला केवळ आदामाचे पाप आठवले असेल का? कवीला अभिप्रेत नसलेला अर्थ श्रोता तेथे ठेवू शकत होता, आणि त्याला तशी जागा उःशापाच्या कथेनेच दिली होती.

याच किनाऱ्यावर पुढे चिं. त्र्यं. खानोलकरांनी (१९३०–१९७६) दुःखाचा उगम नियतीत शोधला. त्यांची ‘चानी’ गोऱ्या पित्यापासून जन्मली एवढ्यासाठी गावाचा छळ सोसते. न केलेल्या पापाचा वारसा तेथेही आहे, शापही आहे. फक्त तो उच्चारणारा कोणी दिसत नाही. म्हणून उःशाप कोणाकडे मागावा, हे चानीला ठाऊक नाही.