मातीतले चेहरे

पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर इसवी सनाच्या पहिल्या सात-आठ शतकांत मोचे नावाचे लोक नांदत होते. त्यांना लिपी नव्हती, कुंभाराचे चाकही ठाऊक नव्हते. पण त्यांनी घडवलेली मस्तकाकृती पात्रे पाहावीत! वीत-दीड वीत उंची, माथ्यावर रिकिबीसारखी वळवलेली पोकळ नळी, आणि समोर साक्षात एक माणूस. कुणी हसरा, कुणी एका डोळ्याने अधू. देवाचा मुखवटा नव्हे. नाव घेऊन हाक मारावी असा माणूस.

यांतल्या एकाच्या वरच्या ओठावर व्रण आहे. ख्रिस्तोफर डोनन या अभ्यासकाने त्याची चाळीसहून अधिक पात्रे ओळखून काढली. पहिल्यांत तो दहाएक वर्षांचा पोर आहे, शेवटच्यांत तिशी ओलांडलेला पुरुष. एका माणसाचे वय असे मातीत वाढत जाते! ही पात्रे दोन अर्ध्या साच्यांतून काढीत. मग एकाच साच्यातल्या डोक्यांना निरनिराळे रंगकाम होई. साच्यातले म्हणून नाक मुरडणाऱ्या रसिकांशी माझे जमत नाही. हा व्रणवाला एकटाच फळीवर ठेवला, तर तो नुसता देखणा चेहरा उरतो.

संग्राहक मात्र एकच उचलतो. पेरूने १९२९ च्या कायद्याने असा प्राचीन ठेवा राष्ट्राचा ठरवला, तरी थडगी फोडणारे थांबले नाहीत. बहुतेक मस्तके त्यांच्याच हातून बाहेर आली. कोणाच्या उशाशी होती, हे कळण्याची वाट तिथेच बुजली. १९८७ साली सिपान येथे चोरांनी एक थडगे लुटले. त्यानंतर वॉल्टर आल्वा यांनी तिथेच खणले, तेव्हा एक अधिपती अस्पर्श सापडला: सोन्यारुप्याची आभूषणे, सोबत पुरलेली माणसे, मातीची असंख्य भांडी. त्याचा साज पाहताच, पात्रांवर रंगवलेल्या बळीच्या सोहळ्यातला मुख्य पुरुष हाच, हे उमगले. तोवर ते चित्र पुराणकथाच समजले जाई. वस्तू जागच्या जागी होत्या, म्हणून हे कळले.

लिमाच्या लार्को संग्रहालयात सुमारे ४५,००० वस्तू आहेत. त्यातल्या पुष्कळ विकत घेतलेल्या, तेव्हा हा दोष तिथेही आहेच. पण तिथले कोठार प्रेक्षकांना खुले असते. दिव्यांनी उजळलेल्या दालनापेक्षा मला ते कोठार अधिक मोलाचे वाटते. फळ्यांवर डोक्याला डोके लागून ती मंडळी बसली आहेत, आणि शेजारी शेजारी पाहिली की कोण कोणाचा, याचा शोध सुरू होतो.